शहाणा

‘शहाणा’ हा संस्कृत ‘सज्ञान’चा झिजून झालेला वंशज मानला जातो. सज्ञान होता येतं अठराव्या वर्षी. शहाणं व्हायला मुदत नाही! नुसत्या जाणतेपणाचा मराठीला संशयच, म्हणून तर ‘दीडशहाणा’. मत्तयाच्या शुभवर्तमानातला शहाणाही येशूचे शब्द नुसते ऐकून थांबत नाही, त्याप्रमाणे वागतो. म्हणून त्याचं घर खडकावर.

असे नुसतं ऐकून न थांबणारे मुंबईच्या अंधेरीतही दिसतात. तिथे सीप्झ या औद्योगिक क्षेत्राच्या आवारात १५७९ सालचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. छप्पर गेलेलं, दगडी भिंती तेवढ्या उभ्या. १८४०च्या सुमारास साथ आली आणि धर्मग्राम मरोळला हललं. चर्च ओस पडलं, नेहमीची उपासना थांबली. वर्षातून एकदा, मे महिन्यात, मुंबईतली ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं त्या उघड्या भिंतींत मिस्सासाठी जमतात.