फ्यूज्ड ग्लास : काच एकजीव करण्याची कला – काही उपयुक्त सूचना

रंगीत काचेचे तुकडे एकमेकांवर रचून विजेच्या भट्टीत तापवले की ते एकजीव होतात. यालाच फ्यूज्ड ग्लास म्हणतात. निवृत्तीनंतर मला हा छंद लागला. नातीच्या बारशासाठी मी एक ताटली केली व तीत सूनबाईंच्या चुड्यातील वाढलेल्या हिरव्या बांगडीचे तुकडे बसवले. ताटली भट्टीतून अखंड निघाली आणि तिसऱ्या दिवशी कपाटात आपोआप तडकली. चूक माझीच होती : बेमेळ काच आणि थंड करण्याची घाई. नव्याने शिकणाऱ्या सभासदांसाठी पुढील सूचना देत आहे.

१. काचेची निवड : तापल्यावर प्रत्येक काच कमीअधिक प्रसरण पावते. फ्यूजिंगच्या काचेवर ९० किंवा ९६ असा प्रसरणाचा अंक असतो. एका वस्तूत एकाच अंकाची, शक्यतो एकाच उत्पादकाची काच वापरावी. खिडकीची काचही चालते, पण सर्व तुकडे एकाच तावातील हवेत. तिला तापमानही जास्त लागते. बांगड्या व बाटल्यांच्या काचा तिच्यात मिसळू नयेत.

२. कापणी : काचकटरला थोडे तेल लावून एका दमात एकच रेघ ओढावी, तीच रेघ पुन्हा गिरवू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. तुकडे धुऊन, पुसून कोरडे करावेत. बोटांचे ठसे भाजल्यावर डागासारखे दिसतात.

३. जाडी : वितळलेली काच साधारण ६ मिमी जाडीवर स्थिरावते. म्हणून ३ मिमीचे दोन थर योग्य. एकच थर कडांनी आत ओढला जातो, तर तीन थर बाहेर पसरतात.

४. फळी : भट्टीतील फळीला किल्न वॉशचा लेप देऊन तो पूर्ण वाळवावा, नाहीतर काच फळीला चिकटते. फायबर पेपर वापरल्यास नंतर त्याची भुकटी उडते. साफ करताना मास्क लावावा.

५. तापमान (अंक ९०, जाडी ६ मिमी) :
• ताशी सुमारे २२० अंश सेल्सिअस या वेगाने ६७५ पर्यंत. तेथे अर्धा तास, म्हणजे थरांमधील हवा निघून जाते.
• नंतर लवकर ८०५ पर्यंत. तेथे १० मिनिटे. तुकड्यांचा उठाव ठेवायचा असेल तर सुमारे ७५० पुरे.
• मग ४८२ पर्यंत उतरवून १ तास स्थिर. याला अनीलिंग म्हणतात. काचेतील ताण येथेच निघतो.
• पुढे ३७० पर्यंत ताशी ८० अंशांनी उतरवावे. जाडी वाढली की ही वेळही वाढवावी.

६. थंड करणे : भट्टी हाताला कोमट लागेपर्यंत झाकण उघडू नये. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली तर व्याजाचेच नुकसान होते. येथे मुद्दलही जाते.

७. नोंदवही : प्रत्येक भट्टीचा स्वभाव थोडा वेगळा असतो. काच, जाडी, तापमान, वेळ व निकाल दर वेळी लिहून ठेवावा.

या नोंदींच्या आधारे केलेली दुसरी ताटली आज चार वर्षे अखंड आहे. बांगडीचे उरलेले तुकडे मात्र डबीतच ठेवले आहेत.