ढगांतून दिशा राखताना

विमानविद्येच्या आरंभीच्या काळात वैमानिकाला दिशा दाखविणारे मुख्य उपकरण जहाजावरून उसने घेतलेले होते. द्रवाने भरलेल्या वाटीत तरंगणारी, कडेवर अंश कोरलेली चुंबकीय तबकडी, म्हणजेच होकायंत्र, एवढ्यावरच त्याची मदार असे. खाली रेल्वेचे रूळ, नद्या वा किनारा दिसत असेपर्यंत या उपकरणाचे दोष निभावून जात. ढगात शिरल्यावर मात्र, ज्या वेळी त्याची खरी गरज असे त्याच वेळी, ते दगा देई. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वैमानिकांची तबकडी गरगर फिरत असल्याची तक्रार असे. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत काम करणारे केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ कीथ लुकास यांनी तिचा उलगडा केला. पृथ्वीचे चुंबकीय बल क्षितिजाला समांतर नसून खाली कललेले असते. वळताना विमान एका कुशीला झुकले की तबकडीही झुकते आणि या बलाचा उभा घटक तिला भलतीकडे ओढतो, त्यामुळे उत्तर गोलार्धात उत्तरेकडून वळू लागलेल्या विमानाचे होकायंत्र प्रथम उलटे वळणसुद्धा दाखवू शकते.

यावरचा उपाय जायरोस्कोपमध्ये सापडला. अतिवेगाने फिरणारे चाक आपल्या आसाची दिशा सहसा सोडत नाही, या गुणावर आधारलेल्या या यंत्राला फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनी १८५२ मध्ये नाव दिले. अमेरिकेतील एल्मर स्पेरी यांनी ते आधी जहाजांसाठी आणि नंतर विमानांसाठी उपयोगात आणले, व पहिले महायुद्ध संपेपर्यंत विमान कोणत्या बाजूला वळत आहे हे काट्याने सांगणारा वळणदर्शक तयार झाला.

उपकरण तयार झाले, पण त्यावर विश्वास कोण ठेवणार? अनुभवी वैमानिक अंगाला जाणवणाऱ्या तोलावर विसंबत आणि काटा वेगळे सांगू लागला की काट्यालाच खोटे ठरवीत. १९२६ मध्ये अमेरिकी सैन्यातील वैमानिक विल्यम ऑकर यांना डॉ. डेव्हिड मायर्स यांनी डोळे मिटून फिरत्या खुर्चीत बसविले. खुर्चीचा वेग मंदावला की ती थांबल्याचा आणि थांबली की उलट फिरू लागल्याचा भास होई. आतील कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधील द्रव एकसारख्या फिरण्याला काही सेकंदांत सरावतो, त्यामुळे हे घडते. हाडाचा वैमानिकही याला अपवाद नव्हता. वळणदर्शक बसविलेली बंद पेटी ऑकरनी खुर्चीवर आणली आणि तिच्यातील काट्याकडे पाहत प्रत्येक वेळी फिरण्याची खरी दिशा सांगितली. आंधळ्या उड्डाणाच्या इतिहासात या खुर्चीला कोणत्याही विमानाइतकेच महत्त्व द्यावयास हवे, कारण प्रश्न यंत्राइतकाच माणसाच्या खात्रीचा होता.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड येथे अमेरिकी वैमानिक जेम्स डूलिटल यांनी कापडी आच्छादनाखाली बसून, बाहेरचे काहीही न पाहता, विमान वर नेले, वळविले आणि उतरविले. सुरक्षेसाठी बरोबर असलेल्या बेन केल्सी यांनी त्यात हस्तक्षेप केला नाही. कोल्समन यांचा सूक्ष्म उंचीमापक आणि धावपट्टीकडे नेणारे रेडिओ संकेत यांच्या जोडीला दोन नवी स्पेरी उपकरणे या विमानात होती. कृत्रिम क्षितिज विमानाचा कल दाखवी, तर दिशादर्शक जायरो वळणातही न हेलकावता अंश दाखवी. मात्र या जायरोला उत्तर म्हणजे काय हे ठाऊक नसते. घर्षणामुळे आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे तो हळूहळू ढळतो, म्हणून वैमानिकाला साधारण पंधरा मिनिटांनी विमान सरळ व समतल ठेवून होकायंत्राचा अंक वाचावा लागे आणि खालची खुंटी आत दाबून, जायरो तोच अंक दाखवीपर्यंत ती फिरवावी लागे. ज्याच्या लहरीपणामुळे जायरोची गरज भासली, त्याच होकायंत्राकडून दिशा मागून घेण्याची ही पाळी पुढे चुंबकीय संवेदकाशी जोडलेले स्वयंसुधारक जायरो येईपर्यंत टळली नाही.

ही साधने सर्वत्र एकाच वेळी पोहोचली नाहीत. डूलिटल यांच्या प्रयोगाला तीन वर्षे उलटल्यानंतर, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहू येथे उतरले, तेव्हा त्यांच्या एकइंजिनी पस मॉथ विमानात रेडिओही नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई आणि टपालाची विमाने पुण्याला, येरवड्याच्या धावपट्टीवर उतरत.