कोविडच्या गंभीर न्यूमोनियावर स्टेम सेल थेरपी: चाचण्यांत नेमकं काय दिसलं?

विषाणूमुळे फुफ्फुसाला जबर संसर्ग झाला की सगळं नुकसान विषाणूच करतो असं नाही. त्याला रोखायला धावलेली प्रतिकारशक्तीच कधीकधी आवरेनाशी होते. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत पाणी साचतं, रक्ताला ऑक्सिजन मिळेनासा होतो आणि रुग्ण व्हेंटिलेटरवर जातो. या अवस्थेला डॉक्टर 'एआरडीएस' म्हणतात.

यावर आजमावल्या गेल्या त्या 'मेसेन्कायमल' पेशी. अस्थिमज्जा, चरबी किंवा बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी नाळ यांतून त्या मिळतात. प्रयोगशाळेत वाढवून त्या शिरेतून देतात. शिरेतून गेलेल्या बहुतेक पेशी आधी फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांतच अडकतात, आणि इथे तेच हवं असतं. मात्र त्यांपासून नवं फुफ्फुस तयार होतं, हा गैरसमज आहे. दाह शमवणारे घटक सोडून त्या काही दिवसांत नाहीशा होतात.

२०२१च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठाच्या चाचणीची मोठी चर्चा झाली. नाळेच्या पेशी मिळालेल्या गटात महिन्याभरानंतर ९१ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटात ४२ टक्के. पण रुग्ण होते अवघे २४. एवढ्या लहान गटात दोन-तीन रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी उलटीपालटी होते.

मेसोब्लास्ट कंपनीची अस्थिमज्जेच्या पेशींची चाचणी मोठी होती. ठरले होते ३०० रुग्ण. पण उद्दिष्ट गाठण्याची शक्यता दिसेना, म्हणून डिसेंबर २०२० मध्ये नवीन रुग्ण घेणं थांबवलं. २२२ रुग्णांचा निकाल असा: ३० दिवसांत पेशी मिळालेल्यांपैकी ३७.५ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ४२.७ टक्के. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. याउलट डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत हजारो रुग्णांवर दिसलं.

भारतात आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही विकारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर मंजूर चाचणीतच करता येतो. सूचना देशभरासाठी आहेत. बेळगावचा रुग्ण कोल्हापूरला नेला काय किंवा गोव्याचा हुबळीला, त्या बदलत नाहीत. कुणी ही थेरपी सुचवली तर नातेवाइकांनी 'सीटीआरआय' नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीच्या मंजुरीचं पत्र मागावं. चाचणी म्हणून सांगून पेशींचे लाखो रुपये मागितले जात असतील, तर सही करण्याआधी दुसऱ्या छातीरोगतज्ज्ञांना फाईल दाखवावी.