केसरीची वाटणी झाली, फर्ग्युसनची का नाही?

आजचा भाग कागदपत्रांचा आहे, पण लगेच पुढे ढकलू नका. यात टिळक आहेत, आगरकर आहेत, तुरुंग आहे, भांडण आहे, आणि शेवटी आपल्या नाशिकचं चॅरिटी ऑफिससुद्धा आहे.

प्रश्न साधा आहे. पुण्यातल्या काही तरुणांनी मिळून दोन कामं सुरू केली. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल, आणि १८८१ च्या जानेवारीत केसरी आणि मराठा ही वर्तमानपत्रं. माणसं बऱ्यापैकी तीच. दहा वर्षांनी ही माणसं एकमेकांपासून तुटली. तेव्हा वर्तमानपत्रं आणि छापखाना यांची वाटणी झाली. वर्तमानपत्रं कर्जासकट टिळकांकडे आली, आर्यभूषण छापखाना दुसऱ्या भागीदारांकडे गेला. शाळा आणि तोवर उभं राहिलेलं फर्ग्युसन कॉलेज मात्र जसंच्या तसं राहिलं. एक वर्गसुद्धा कुणी तोडून नेला नाही.

असं का झालं? माणसं शाळेच्या बाबतीत जास्त समजूतदार होती, असं नाही. उत्तर २१ मे १८६० च्या एका कायद्यात आहे. त्याचं नाव संस्था नोंदणी अधिनियम. तुमच्या कॉलनीतलं वाचनालय, गावातली शिक्षण संस्था, गड-किल्ल्यांची साफसफाई करणारं मंडळ, यातली नोंदलेली बहुतेक मंडळी आजही याच कायद्याखाली येतात.

आधी थोडं मागे जाऊ. आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे 'सावाना', १८४० चं आहे. कायद्यापेक्षा २० वर्षांनी मोठं! आता विचार करा, त्या काळी वाचनालय म्हणजे कायद्याच्या नजरेत काय? काहीच नाही. पुस्तकं कुणाची? जागा कुणाची? कुणी वर्गणीचे पैसे बुडवले तर दावा कोण लावणार? कोर्टाला माणूस समजतो, 'मंडळी' समजत नाही. म्हणून मालमत्ता कुणातरी भल्या माणसाच्या नावावर ठेवायची, आणि तो भला राहील, त्याची मुलंही भली निघतील, अशी आशा करायची.

ही अडचण इंग्लंडमध्येही होती. तिथे साहित्य आणि विज्ञानाच्या संस्थांसाठी १८५४ साली कायदा झाला. त्याच धर्तीवर आपल्याकडे १८६० चा आला. कायदा छोटा आहे, जेमतेम वीस कलमांचा. मी मोबाईलवर एका बैठकीत वाचून काढला. तुम्हीही वाचू शकाल.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये 'बस फॅक्टर' असा एक शब्द आहे. टीममधली किती माणसं उद्या अचानक गायब झाली तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर 'एक' असेल तर प्रोजेक्ट धोक्यात. हा कायदा मला त्याच प्रश्नाचं उत्तर वाटतो.

त्यात आहे काय, ते बघा. किमान सात जण लागतात. ते एका कागदावर संस्थेचं नाव, उद्देश आणि कार्यकारी मंडळातल्या लोकांची नावं-पत्ते-व्यवसाय लिहून सह्या करतात. सोबत नियमावली जोडतात. हे निबंधकाकडे दाखल केलं की संस्था नोंदली गेली. मूळ कायद्यात फी जास्तीत जास्त ५० रुपये होती, आणि १८६० साली ५० रुपये म्हणजे काही चहापाण्याची रक्कम नव्हती.

त्यानंतरची कलमं जास्त महत्त्वाची. मालमत्ता विश्वस्तांच्या नावे केलेली नसेल, तर ती कार्यकारी मंडळाकडे आहे असं मानायचं. कुणा एका माणसाकडे नाही, त्या वेळी जे मंडळ असेल त्याच्याकडे. संस्थेचा दावा अध्यक्ष किंवा सचिवाच्या नावाने चालतो, पण तो माणूस मेला म्हणून दावा पडत नाही. संस्थेविरुद्ध निकाल लागला तर वसुली संस्थेच्या मालमत्तेतून, सचिवाच्या घरातून नाही. उद्देश बदलायचा तर विशेष सभेत तीन पंचमांश मतं हवीत, आणि महिन्याभराने दुसरी सभा घेऊन पुन्हा तेवढीच मतं. म्हणजे रागाच्या भरात एका रात्रीत काही बदलता येत नाही. आणि संस्था बंद करायची झाली तर देणी भागवून उरलेला पैसा सभासदांनी वाटून घ्यायचा नाही, दुसऱ्या संस्थेला द्यायचा.

शेवटचं कलम नीट लक्षात ठेवा. संस्थेत आपलं असं काही नसतं, ज्यातून हिस्सा मागता येईल.

आता परत पुण्यात. शाळा सुरू झाली तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर हे त्यातलं मोठं नाव. १७ मार्च १८८२ ला ते गेले. वय ३१. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकरांना शिक्षा झाली आणि दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. म्हणजे एकाच वर्षात एक खांब कायमचा गेला आणि दोन खांब तुरुंगात. बस फॅक्टर म्हणतात तो हाच!

शाळा तरली. पण पुढे कॉलेज काढायचं होतं, त्यासाठी लोकांकडून आणि संस्थानिकांकडून मोठ्या देणग्या हव्या होत्या. चार-पाच मास्तरांच्या खासगी शाळेला एवढा पैसा कोण देणार? २४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८६० च्या कायद्याखाली नोंदली गेली. १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. सोसायटी स्थापन झाली तेव्हा टिळक आणि आगरकर दोघंही २८ वर्षांचे होते. मी आज साधारण त्याच वयाचा आहे, म्हणून हा आकडा मला जरा टोचतो.

आजीव सदस्यांनी २० वर्षं सेवा द्यायची, महिना ७५ रुपयांवर. पुढे भांडण पेटलं ते यातूनच. टिळकांचं म्हणणं, आजीव सदस्याने सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेला द्यावी, बाहेरची कमाई करू नये. इतरांना ते इतकं कडक नको होतं. सुधारणांच्या प्रश्नावरून आगरकरांशी मतभेद होतेच. आगरकर १८८७ मध्ये केसरीतून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी सुधारक काढला. तरुण गोखले तेव्हा सोसायटीत शिकवत होते. त्यांनी सार्वजनिक सभेचं काम घेतलं, त्यावरूनही ठिणगी पडली. शेवटी मंडळात बहुमत दुसऱ्या बाजूला, आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला.

ज्या शाळेसाठी उमेदीची दहा वर्षं दिली तिथून ते बाहेर पडले, तेव्हा हातात त्या शाळेचं एक बाकही नव्हतं. वर्तमानपत्रं आणि छापखाना खासगी भागीदारीत होते, म्हणून त्यांचे वाटे पडले. शाळा नोंदलेल्या संस्थेची होती, तिथे वाटा मागण्यासारखं काही नव्हतंच. न्याय कुणाच्या बाजूने होता, यावर आजही वाद घालता येईल. पण आगरकर १८९५ मध्ये गेले, पुढे गोखलेही कॉलेजमधून निवृत्त झाले, आणि फर्ग्युसनमध्ये तास चालूच राहिले. कायद्याने भांडण थांबवलं नाही. भांडणानंतर काय उरेल, तेवढं ठरवलं.

यातला एक धागा नाशिकपर्यंत येतो. गोखले १९१५ मध्ये वारले. त्यांच्या नावाने १९१८ मध्ये गोखले एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, आणि या सोसायटीचं नाशिकमधलं एचपीटी कॉलेज १९२४ चं. कॉलेज रोडवर वडापाव खाताना आपण ज्या फाटकासमोर उभे असतो, त्यामागे हीच 'सोसायटी' नावाची पद्धत आहे.

पण याच नाशिकमध्ये याच्या बरोबर उलट उदाहरणही घडलं. सावरकर आणि त्यांच्या मित्रांचा मित्रमेळा १९०० साली इथे सुरू झाला, १९०४ मध्ये त्याचं अभिनव भारत झालं. ही संघटना नोंदवणं शक्यच नव्हतं. कारण कायद्यातल्या चौथ्या कलमाने दरवर्षी कार्यकारी मंडळाची यादी, नाव-पत्ता-व्यवसायासह, सरकारला द्यावी लागते. गुप्त संघटनेने अशी यादी देणं म्हणजे स्वतःहून पोलिसांना घरचा पत्ता सांगणं. १९०८ मध्ये सरकारने संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार देणारा कायदा केला. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, आणि नाशिक कट खटल्यात सरकारने ती यादी तपासातून आणि कबुलीजबाबांतून स्वतःच बनवली.

म्हणजे बघा, दोन्हीकडे गोष्ट यादीचीच आहे. कायद्याने मालक काढून टाकला आणि त्याच्या जागी यादी ठेवली. सभासद कोण? ज्याला नियमाप्रमाणे प्रवेश मिळाला आणि ज्याने वर्गणी भरली किंवा सभासद यादीवर सही केली तो. वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली तर मत नाही. आपल्याकडे मराठा विद्या प्रसारक समाजाची निवडणूक असते तेव्हा जिल्हा कसा ढवळून निघतो, ते नाशिककरांना सांगायला नको. १९१४ ची संस्था, सभासद मतदार दहा हजारांच्या घरात. तिथे कुणी मालक नाही म्हणूनच यादीतल्या प्रत्येक नावाला किंमत आहे. आणि म्हणूनच एखादी संस्था बळकवायची असेल तर सुरुवात सभासद यादीपासून होते, कपाटाच्या कुलपापासून नाही.

आता महाराष्ट्रातली खास गोष्ट. १९५० मध्ये मुंबई राज्याने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम केला. त्यात धर्मादाय उद्देशाची नोंदलेली संस्थाही 'सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था' मानली गेली. त्यामुळे आपल्याकडे दुहेरी नोंदणी असते, एक १८६० ची आणि एक १९५० ची. कामकाज धर्मादाय आयुक्तांच्याच कार्यालयात चालतं, आणि अशा संस्थांचा नंबर 'एफ' अक्षराने सुरू होतो. विश्वस्त बदलला, कुणी वारलं, नवी निवडणूक झाली, मालमत्ता घेतली, की ९० दिवसांत 'चेंज रिपोर्ट' दाखल करायचा. संस्थेची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी. हिशेब ठेवायचे आणि ऑडिट करायचं.

आमच्या स्वतःच्या ग्रुपमुळे मी या सगळ्यात शिरलो. आम्ही नऊ जण मिळून स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी एक छोटी अभ्यासिका चालवतो. भाडेकरार एकाच्या नावावर, देणग्या दुसऱ्याच्या यूपीआयवर. त्या दुसऱ्याला कंपनीने परदेशात पाठवायचं ठरवलं. नोंदणीचा विषय काढला तेव्हा एक मित्र म्हणाला, "अरे, आपल्यात कुठे भांडण आहे? कशाला कागदं रंगवायची?" मी त्याला १८८४ सांगितलं. तेव्हा त्यांच्यातही काडीमोड व्हायला सहा वर्षं बाकी होती. कागद दोस्ती असतानाच करायचे असतात, कारण नंतर सात सह्या एका पानावर येत नाहीत. सध्या आमची नियमावली लिहिणं चालू आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ 'सभासद कुणाला करायचं आणि कसं काढायचं' या एका पानावर जातोय.

नोंदणी म्हणजे काम संपलं, असंही नाही. खरी पडझड नंतर होते. पहिली दोन वर्षं उत्साहात सभा होतात, मग प्रोसिडिंग बुक कुणाच्या तरी कपाटात जातं. चेंज रिपोर्ट राहून जातो. वीस वर्षांनी बँक शेड्यूल वनचा उतारा मागते, तेव्हा कळतं की सरकारी नोंदीत विश्वस्त म्हणून अजून वारलेल्या आजोबांचीच नावं आहेत. संस्था चालू असते, मुलं शिकत असतात, पण कागदावर सही करणारं कुणी जिवंत नसतं. मग नव्या-जुन्या सगळ्या नोंदींसाठी हेलपाटे, आणि त्या गोंधळात दोन गट उभे राहून दोघंही 'आम्हीच खरं मंडळ' म्हणतात.

म्हणून तुम्ही ज्या मंडळात, वाचनालयात, ट्रेकिंग ग्रुपात आहात, तिथे या आठवड्यात तीन गोष्टी विचारा. आपली नियमावली कुठे आहे? आजची सभासद यादी कुणाकडे आहे? शेवटचा मंजूर चेंज रिपोर्ट कोणत्या वर्षीचा? विचारताना भांडायला जाऊ नका. काका-मावशींनी वर्षानुवर्षं पदरमोड करून ही कामं केलेली असतात. "मी मदत करतो, मला शिकवा," असं म्हणा. बहुतेक जण आनंदाने फाईल काढून देतील.

आणि कुणी म्हणालंच, "तुला काय करायचंय?" तर १८६० च्या कायद्यातलं एकोणिसावं कलम दाखवा. निबंधकाकडे दाखल झालेले संस्थेचे कागद कुणालाही बघता येतात. सभासद असायचीही गरज नाही. मूळ कायद्यात त्याची फी लिहिलेली आहे: एका वेळेला एक रुपया.

पुढच्या भागात नियमावली कशी लिहायची ते बघू. तोवर तुमच्या संस्थेची फाईल सापडली का, ते नक्की कळवा.