वाड्यातले भूत पडद्यावर येते तेव्हा

'गॉथिक' हा शब्द कानी पडला की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती टोकदार कमानींची, उंच खिडक्यांची एखादी चर्चची वास्तू. इंग्रजी साहित्यात मात्र हा शब्द १७६४ साली होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' या कादंबरीबरोबर निराळ्याच घरात राहावयास गेला. जुना किल्ला किंवा वाडा, उतरती कळा लागलेले घराणे, पूर्वजांच्या हातून घडलेले दुष्कृत्य आणि त्याचे भोग वाट्याला आलेली पुढली पिढी, असा या साहित्याचा ऐवज. भूत त्यात असेलच असे नाही. भिंतीत मुरलेल्या ओलीसारखा अपराध मात्र असतोच, आणि तो नेमका कोणाचा, हे लेखक सहसा स्पष्ट सांगत नाही. अशा कादंबरीचा चित्रपट होतो तेव्हा त्या अपराधाची वाटणी नव्याने होते. कोणी सुटतो, कोणी नव्याने अडकतो. आम्हांला या विषयात रस वाटतो तो एवढ्याचसाठी.

याचे सर्वांत बोलके उदाहरण परदेशातले आहे आणि त्यात आपल्याच मंडळींचा हात आहे. डॅफ्ने द्यू मॉरिए या लेखिकेची 'रिबेका' ही कादंबरी १९३८ साली प्रसिद्ध झाली. मँडर्ली नावाच्या प्रासादात दुसरेपणावर आलेली एक भित्री तरुणी, तिच्या मनावर सतत पडलेली मृत सवतीची छाया, आणि शेवटी उलगडलेले सत्य असे की पहिल्या पत्नीला पतीनेच गोळी घालून मारले होते. हे ऐकून ती तरुणी हादरण्याऐवजी मनातून सुखावते, कारण पतीचे त्या स्त्रीवर प्रेम नव्हते हे तिला आता कळते. कादंबरीतला खरा काळोख आहे तो या सुखावण्यात. खुनाच्या त्या गुपितात ती आपखुशीने भागीदार होते.

१९४० साली आल्फ्रेड हिचकॉकने या कादंबरीवर चित्रपट काढला. त्यात रिबेका पतीच्या हातून मरत नाही. वादावादीत तोल जाऊन ती पडते, डोक्याला मार लागतो आणि तिचा अंत होतो. हा बदल दिग्दर्शकाच्या लहरीतून आलेला नव्हता. अमेरिकन चित्रपटांसाठी १९३० साली जी आचारसंहिता तयार झाली आणि १९३४ पासून जिची अंमलबजावणी कसोशीने होऊ लागली, तिच्यानुसार पत्नीचा खून करणारा पती शिक्षेवाचून सुटू शकत नव्हता. ती संहिता लिहिण्यात येशूसंघीय धर्मगुरू फादर डॅनियल लॉर्ड आणि कॅथॉलिक प्रकाशक मार्टिन क्विग्ली यांचा प्रमुख वाटा होता, आणि ती राबविणारे जोसेफ ब्रीन हेही कॅथॉलिकच. हेतू शुद्ध होता, पापाचे उदात्तीकरण होऊ नये हा. घडले ते असे, की खुनी माणूस निर्दोष ठरला, मेलेली स्त्री आपल्या मरणास आपणच जबाबदार झाली, आणि त्या तरुणीची भागीदारी तर पुसलीच गेली. पापाला शिक्षा व्हावी म्हणून केलेल्या नियमाने पापच नाहीसे केले. आमच्या मते सद्हेतूने केलेल्या काटछाटीचा याहून चांगला धडा मिळणे कठीण. याच कथेवर बेतलेला 'कोहरा' हा हिंदी चित्रपट १९६४ साली बीरेन नाग यांनी काढला. त्यातल्या दाईच्या भूमिकेत आपल्या ललिता पवार आहेत. त्यांच्या नुसत्या पाहण्याने अंगावर काटा येतो, हे अनेक वाचकांना आठवत असेल.

मराठीत या जातीचे लेखन शोधू लागले की वाट आपोआप कोकणात जाते. वेंगुर्ल्याच्या परिसरात वाढलेले चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) यांनी 'गॉथिक' हा शब्द मिरविला नाही, पण घराला लागलेली कीड त्यांच्याइतकी जवळून फार थोड्यांनी पाहिली. 'रात्र काळी घागर काळी' हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांची 'कोंडुरा' १९६६ साली आली. घरच्यांच्या बोलण्याने दुखावलेल्या परशुरामतात्याला समुद्रकाठी कोंडुराच्या स्वामींची भेट घडते, ब्रह्मचर्याच्या अटीवर एक मुळी मिळते, आणि त्या मुळीने होते काय, तर गर्भपात. म्हणजे जीव घेण्यापुरताच उपयोगी पडणारा प्रसाद. ही भेट साक्षात्कार होती की अपमानाने पोळलेल्या मनाचा भ्रम, हा प्रश्न वाचकाच्या मनात लोंबकळत राहतो. कादंबरीची भीती त्या लोंबकळण्यात आहे. घरात बसलेली पत्नी, नाकारलेले सहजीवन आणि नवऱ्याचे चढत गेलेले देवत्व यांच्या मधल्या फटीतून ती आत शिरते.

श्याम बेनेगल यांनी १९७८ साली या कादंबरीवर हिंदीत 'कोंडुरा' आणि तेलुगूत 'अनुग्रहम्' असे चित्रपट केले. अनंत नाग, वाणिश्री, स्मिता पाटील अशी पात्रयोजना; स्वामींच्या भूमिकेत अमरीश पुरी; छायालेखन गोविंद निहलानींचे. चित्रपट प्रामाणिक आहे, पण स्वामींना चेहरा मिळाला, आणि तोही अमरीश पुरींचा, की ते 'नसतील' ही शक्यता बरीच क्षीण होते. दुसरे असे की 'अंकुर' आणि 'निशांत' करून आलेल्या दिग्दर्शकाची नजर स्वाभाविकपणे गावच्या जमीनदाराकडे जाते. अंधश्रद्धेचा उपयोग सत्ता कसा करून घेते, हा धागा पुढे येतो आणि माजघरातली घुसमट मागे सरते. हा अर्थ खोटा नाही. पण कादंबरी वाचून मनात जे भय राहते ते समाजव्यवस्थेबद्दल कमी आणि आपल्याच श्रद्धेच्या शुद्धतेबद्दल अधिक असते. धर्मकार्यात आयुष्य काढलेल्या माणसाला तर ते विशेषच जाचते.

शिवाय कोकणचा समुद्र सुटला आणि कथा आंध्रात गेली, मराठीही सुटली. मैंदर्गीसारख्या कन्नड–मराठीच्या सीमेवरील गावात राहणाऱ्या आम्हांला याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. येथे आजी कन्नडमध्ये रागावते आणि नातू मराठीत उत्तर देतो. राग तोच, पण भाषा बदलली की त्याची धार तीच राहत नाही.

खानोलकरांच्याच 'चानी'चा चित्रपट व्ही. शांताराम यांनी १९७७ साली मराठीत आणला. तेथे अडचण भाषेची नव्हती. गोऱ्या माणसापासून जन्मलेल्या पोरीला गाव कसे वागवते, हे पुस्तकात दिनू या पोराच्या अर्धवट समजुतीतून कळते. कॅमेऱ्याला अर्धवट समजुती ठेवता येत नाही. तो सारेच पूर्ण दाखवतो, आणि तेही मोहक रंगांत.

आता तुंबाड. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही द्विखंडात्मक कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली. जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांचा चढ आणि पडझड तिच्यात आहे. पुढे १२ ऑक्टोबर २०१८ रोजी 'तुंबाड' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे मराठी लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. अनेकांची समजूत होते तसा हा पेंडशांच्या कादंबरीचा चित्रपट नव्हे. तिच्याकडून त्याने घेतले ते केवळ नाव. भयाचे बीज नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथेतले, आणि धारपांच्या 'आजी'च्या मागे स्टीफन किंगची 'ग्रामा' ही कथा उभी आहे. घरात एकटा सापडलेला मुलगा आणि अंथरुणावरची भयंकर आजी, हे सूत्र तेथून आले. 'हस्तर' या नावाचा प्रवास तर आणखी गमतीचा. अँब्रोज बिअर्सच्या १८९१ मधल्या एका कथेत हा 'हास्तुर' धनगरांचा सौम्य देव होता. पुढच्या भयकथाकारांनी त्याला अमंगळ केला, तो किंगच्या कथेतही डोकावला, आणि शेवटी कोकणात येऊन पूर्तीच्या देवीचा हावरा पुत्र झाला.

चित्रपट देखणा आहे, यात वाद नाही. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ त्याने झाला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या खेपेहून अधिक गर्दी लोटली. बाप मुलाला देवीच्या गर्भात उतरण्याचे, कणकेची बाहुली पुढे करून हस्तरच्या लंगोटातली मुद्रा ओढण्याचे शिक्षण देतो, तो भाग अस्सल घराण्याच्या कथेचा आहे. वारसा म्हणून मुलाच्या हाती दुसरे काय पडणार, हा प्रश्न तेथे न विचारता विचारला जातो.

परंतु नाव घेताना एक शब्द मागे राहिला, तो 'खोत'. पेंडशांच्या शीर्षकात गावाइतकेच वजन त्या शब्दाला आहे. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला वसुलीचा धनी. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले, आणि खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. खोताच्या वाड्यात जे काही साठले ते कोणाच्या तरी भाताच्या राशीतून आलेले असते, हे हा एक शब्द वाचकाला विसरू देत नाही. चित्रपटात सोने येते ते देवीच्या उदरातून. त्यासाठी कोणाचेही शेत नागवले जात नाही, म्हणून लोभ हा एकट्या विनायकाचा दुर्गुण ठरतो. कथा १९१८ साली सुरू होऊन १९४७ मध्ये संपते, स्वतंत्र देशाचे सरकार वाड्यावर हक्क सांगते, पण त्या वाड्याखाली राबलेली कुळे मात्र कोठेच दिसत नाहीत.

पावसाचेही तसेच. चित्रपटात तुंबाडला तो सतत पडतो, कारण तो देवांचा कोप आहे. कोकणातल्या कुळाला पाऊस म्हणजे भाताची लावणी, आणि पीक हाती आले की त्यातला खोताचा वाटा.