तारेतला दहा अक्षरी शब्द

इंग्रजी शब्दकोडे सोडवणारा माणूस ‘पाच अक्षरी, मधले अक्षर क्यू, शेवटचे ई’ असा शब्द शोधू लागला की तो वेळ घालवतो आहे, असे आपण धरून चालतो. अक्षरे मोजून शब्द निवडणे ही करमणूकच असणार, कारण बोलताना किंवा लिहिताना आपण अक्षरे मोजत नाही. शब्दकोड्याचा जन्मही करमणुकीच्या पुरवणीत झाला: 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी पहिले कोडे छापले. पण त्याच्या एकोणीस वर्षे आधी, 1894 मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या आंतरराष्ट्रीय तार कार्यालयाने एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यात 2,56,740 शब्द होते. अर्थ एकाचाही दिलेला नव्हता. पाचपेक्षा कमी आणि दहापेक्षा जास्त अक्षरांचा शब्द त्यात घेतलेला नव्हता. ही यादी खेळासाठी केलेली नव्हती, ती पैशाच्या भांडणातून निघाली होती. शब्दाची लांबी हा गंभीर विषय बनला तो भाषेच्या अभ्यासकांमुळे नव्हे, तर तारेच्या दरपत्रकामुळे, असे माझे म्हणणे आहे.

तारेचे पैसे शब्दावर आकारले जात. 1870 मध्ये सुएझ आणि एडनवरून आलेली समुद्री तार मुंबईला पोहोचली आणि लंडनचा भाव मुंबईच्या पेढीवर त्याच दिवशी कळू लागला. पण दूरदेशीच्या तारेत एकेक शब्द महाग पडे. मग व्यापाऱ्यांनी संकेतकोश वापरायला सुरुवात केली. कोशात एका शब्दापुढे आख्खे वाक्य छापलेले असे: ‘माल निघाला’, ‘भाव मान्य नाही’, ‘विमा उतरवा’. एक शब्द धाडला की पलीकडचा माणूस कोश उघडून वाक्य वाचे. हे वाढत गेले तेव्हा तारखात्यांचे उत्पन्न घटू लागले आणि ‘शब्द म्हणजे काय’ याची व्याख्या करणे भाग पडले. 1879 च्या लंडन परिषदेत ठरले की सांकेतिक शब्द दहा अक्षरांपेक्षा लांब नसावा आणि तो इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, डच, पोर्तुगीज, स्पॅनिश किंवा लॅटिन यांपैकी एका भाषेतला असावा. गोव्याच्या राज्यकर्त्यांची भाषा त्या आठांत होती. मराठी, गुजराती किंवा हिंदी नव्हती. मुंबईच्या व्यापाऱ्याला आपल्या कापसाचा सौदा परक्या शब्दांत, प्रसंगी लॅटिनमध्ये, बांधावा लागे. आणि अक्षर म्हणजे रोमन अक्षर. आपण ‘स्वातंत्र्य’ हा शब्द तीन घरांत बसवतो, कारण आपल्या शब्दकोड्यात जोडाक्षराला आणि मात्रेला वेगळे घर लागत नाही. तोच शब्द रोमन लिपीत लिहिला की दहा अक्षरे भरतात, म्हणजे थेट तारेच्या मर्यादेवर जातो. लांबी शब्दात नसते, मोजणाऱ्याच्या मापात असते, हे यावरून कळावे.

यावर एक आक्षेप सहज येतो. संकेतभाषा ही गुप्ततेसाठीच असते. तारमास्तराला किंवा प्रतिस्पर्धी दलालाला सौदा कळू नये म्हणून हे शब्द वापरले गेले, काटकसर ही नंतरची गोष्ट, असे कोणी म्हणेल. काही पेढ्यांनी स्वतःपुरते खाजगी कोश छापून घेतले होते आणि बँकांना गुप्तता हवीच होती, इतके यात तथ्य आहे. पण सर्वात जास्त खपलेले कोश दुकानात कोणालाही विकत मिळत. पेढ्या आपल्या पत्राच्या माथ्यावर, तारेच्या पत्त्याशेजारीच, आपण कोणते संकेतकोश वापरतो ते छापत असत. कुलूप लावून किल्ली दारावर टांगणाऱ्याचा हेतू चोरापासून बचाव हा नसतो. त्याहून पक्का पुरावा असा की तारेचा नियम बदलला की कोशांतले शब्द बदलत. गुप्तता हे मुख्य कारण असते तर दराच्या कलमाशी शब्दांच्या बांधणीचा इतका घट्ट संबंध दिसला नसता.

बर्नची यादी याच ओढाताणीतून आली. व्यापारी शब्दांची मोडतोड करत, दोन शब्द जोडून एक करत, कुठल्याच भाषेत नसलेला शब्द लॅटिन म्हणून पुढे करत. तारखात्यांची तक्रार निव्वळ लोभाची नव्हती. ओळखीचा शब्द तारमास्तर एका दमात वाचतो आणि पाठवतो. अनोळखी अक्षरांची माळ त्याला अक्षर अक्षर पाहून पाठवावी लागते, वेळ जातो आणि चुका वाढतात. म्हणून 1890 च्या पॅरिस परिषदेने मान्य शब्दांची अधिकृत यादी करायचे ठरवले आणि 1894 मध्ये ती निघाली. व्यापाऱ्यांनी मोठा विरोध केला, कारण यादी सक्तीची झाली असती तर वापरातले कोश रद्दी ठरले असते. मग यादी वाढवायला घेतली आणि ती अकरा लाखांच्या पुढे गेली. ती कधीच सक्तीची झाली नाही. 1903 च्या लंडन परिषदेने तो नाद सोडला आणि बनावट शब्दांनाही परवानगी दिली; अट एवढीच की शब्द दहा अक्षरांच्या आत असावा आणि त्या आठ भाषांपैकी एकीच्या धाटणीने उच्चारता यावा.

चुकांचा प्रश्न किती खरा होता, हे अमेरिकेतल्या एका खटल्यात दिसते. जून 1887 मध्ये फिलाडेल्फियातले लोकरीचे व्यापारी प्रिमरोज यांनी कॅन्ससमधल्या आपल्या अडत्याला सांकेतिक तार केली. तीत ‘बे’ (bay) हा तीन अक्षरी शब्द होता. त्याचा ठरलेला अर्थ ‘मी खरेदी केली आहे’. वाटेत त्याचा ‘बाय’ (buy) झाला, म्हणजे ‘खरेदी कर’. मोर्सच्या लिपीत ए म्हणजे एक टिंब आणि एक रेघ, यू म्हणजे दोन टिंबे आणि एक रेघ. एक टिंब वाढले आणि अडत्याने सुमारे 3 लाख पौंड लोकर खरेदी केली. नुकसान 20,000 डॉलरच्या वर गेले. 1894 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जादा पैसे भरून तार उलट तपासून घेतली नसल्यामुळे कंपनी फक्त तारेचे शुल्क परत करायला बांधील आहे. ती रक्कम होती 1 डॉलर 15 सेंट. ज्यांनी ‘बाय’च्या इतक्या जवळचा ‘बे’ हा संकेत निवडला, त्यांनी शब्दाचा अर्थ पाहिला होता, पण शेजारी पाहिला नव्हता.

पुढच्या कोशकारांनी शेजारी पाहिला. 1906 मध्ये लंडनमध्ये निघालेल्या बेंटली यांच्या कोशात सगळे संकेत पाच अक्षरांचे होते. दोन संकेत जोडले की दहा अक्षरे, म्हणजे नियमाने एकच शब्द, आणि खर्च निम्मा. त्याबरोबर एक शिस्त रुळली: कोणतेही दोन संकेत किमान दोन अक्षरांनी वेगळे असावेत, म्हणजे एक अक्षर बिघडले तर दुसरा खरा संकेत तयार होत नाही आणि चूक लगेच उघडी पडते. ही सुरक्षितता स्वस्त नव्हती. रोमन लिपीत पाच अक्षरांच्या 1,18,81,376 जुळण्या होतात. दोन अक्षरांच्या अंतराची अट घातली की त्यांपैकी जास्तीत जास्त 4,56,976 उरतात. सव्वीस जुळण्यांपैकी पंचवीस फेकून द्याव्या लागतात. पै न पै वाचवणाऱ्या व्यापाऱ्यांनी ही उधळपट्टी खुशीने स्वीकारली, याचे मला फार अप्रूप वाटते.

उच्चाराची अट टिकली ना, मग शेवटी भाषाच वरचढ ठरली, असा दुसरा आक्षेप निघू शकतो. पण ती अट कशी झिजली ते पाहावे. उच्चारता येणे म्हणजे काय यावर खिडकीखिडकीवर वाद होऊ लागले, तेव्हा 1928 च्या ब्रुसेल्स परिषदेने उच्चार बाजूला ठेवून स्वर मोजायला घेतले: नऊ किंवा दहा अक्षरांच्या शब्दात किमान तीन स्वर हवेत. जिभेची कसोटी जाऊन तिथे मोजणी आली. त्याच परिषदेने पाच अक्षरांच्या शब्दाला स्वरांची कुठलीच अट न घालता दोन तृतीयांश दर देऊ केला. 1932 च्या माद्रिद परिषदेने दहा अक्षरी शब्द काढूनच टाकला. पाच अक्षरे, वाटेल ती, साध्या शब्दाच्या साठ टक्के दराने, एवढेच कलम राहिले. बेंटलीचा कोश त्यानंतरही तसाच चालू राहिला. त्याचे शब्द आधीपासून पाच अक्षरांचे होते, फक्त दोन दोन चिकटवणे थांबले.