प्राचार्य आगरकर आणि आमची आत्याआजी

आमच्या देडतलाईहून धारणी जवळच. पुढं मेळघाट ओलांडला की अकोट, मग अकोला. माझे आजोबा अकोल्याला शिकले. गोपाळ गणेश आगरकर १८७५ साली तिथूनच मॅट्रिक झाले, याचा आजोबांना घरचा माणूस असावा तसा अभिमान.

आगरकर मूळ कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. घरची गरिबी, शिक्षण कसंबसं. एम. ए. करून बड्या पगाराची नोकरी धरता आली असती, पण त्यांनी आईला पत्रानंच कळवलं की श्रीमंतीची आशा ठेवू नकोस. टिळकांबरोबर केसरी, डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस, मग मतभेद आणि सुधारक, हे सगळं आपण शाळेत वाचलंय. प्राचार्य आगरकरांबद्दल मात्र फार कुणी बोलत नाही.

फर्ग्युसन कॉलेज २ जानेवारी १८८५ ला सुरू झालं. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे, संस्कृत कोशवाले. ते १८९२ मध्ये गेले आणि ती खुर्ची आगरकरांकडं आली. विचार करा, कॉलेज चालायचं देणग्यांवर आणि फीवर. आणि प्राचार्य कोण, तर ज्याची जिवंतपणी प्रेतयात्रा पुण्यानं काढली तो! दुसरा असता तर सुधारकातली लेखणी जरा आवरती घेतली असती. यांनी नाही घेतली.

मार्च १८९३ मध्ये कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्यांच्या गावानं, मुरुडनं, बहिष्कार घातला. कॉलेजातली नोकरी मात्र राहिली, ते १९१४ पर्यंत तिथं शिकवत होते. त्याच वर्षांत तिथं शिकणारे रघुनाथ परांजपे पुढं सीनियर रँग्लर झाले आणि १९०२ मध्ये प्राचार्यही.

दम्यानं पोखरलेले आगरकर १७ जून १८९५ ला गेले, अवघे अडतीस वर्षांचे. अंत्यविधीसाठी वीस रुपये पुडीत बांधून ठेवले होते म्हणतात.

आजोबा हे सांगताना गहिवरायचे. त्यांच्या ट्रंकेत आगरकरांच्या निबंधांचं पुस्तक होतं, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. त्यांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. तिच्या लग्नाचा विषय घरात कधीच निघाला नाही. ओसरीवर आजोबा आगरकर सांगत, तेव्हा ती आत चुलीपाशी बसून ऐकायची. गेली तेव्हाही अंगावर आलवणच होतं.